ज्यू-मुस्लिम वैराचे खरे वय

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने दक्षिण इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि अडीचशे जणांना ओलीस म्हणून गाझात नेले गेले. त्यानंतर इस्रायलने गाझात जे युद्ध चालवले, त्यातल्या मृतांची मोजदाद दहा-दहा हजारांनी करावी लागते. एवढ्या मोठ्या मनुष्यहानीवर मराठीत चाललेली चर्चा मात्र दोन ठरीव गोष्टींच्या पुढे सरकायला तयार नाही. पहिली गोष्ट अशी की ज्यू आणि मुसलमान यांचे वैर चौदाशे वर्षांचे आहे. ते मदिनेत सुरू झाले, गाझात चालू आहे, आणि मधल्या काळात बदलली ती फक्त हत्यारे. दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलट. इस्रायलचा जन्म होईपर्यंत दोन्ही समाज दुधात साखर विरघळावी तसे राहत होते, झायनवादाने, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्र उभारण्याच्या चळवळीने, त्यात मिठाचा खडा टाकला. पहिली गोष्ट सांगणाऱ्याला दुसरी ऐकायची नसते आणि दुसरी सांगणाऱ्याला पहिलीतला एकही प्रसंग मान्य करायचा नसतो.

माझे म्हणणे असे की या दोन्ही गोष्टी इतिहासाला धरून नाहीत, आणि दोहोंची सरासरी काढूनही खरे काय ते हाती लागणार नाही. इस्लामच्या उदयापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत ज्यू आणि मुसलमान यांचे नाते मुख्यतः उतरंडीचे होते. वरच्याने संरक्षण द्यायचे, खालच्याने कर भरायचा आणि आपली पायरी ओळखून वागायचे. हा करार पाळला जाई तोवर जगणे सुसह्य असे, कित्येकदा समृद्धही असे. तो मोडला, किंवा मोडल्यासारखा वाटला, की रक्त सांडे. आज ज्याला आपण वैर म्हणतो ते ही उतरंड कोसळल्यानंतरचे आणि तिच्या जागी समान नागरिकत्व उभे राहू न शकल्याचे फळ आहे. त्याचे वय शे-सव्वाशे वर्षांपलीकडे जात नाही.

चौदाशे वर्षांच्या वैराचा सिद्धान्त मांडणाऱ्यांकडे पुरावेच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. मदिनेतल्या बनू कैनुका आणि बनू नदीर या ज्यू टोळ्यांना हद्दपार करण्यात आले. इ.स. ६२७ मध्ये, खंदकाच्या लढाईनंतर, बनू कुरैझाच्या पुरुषांची कत्तल झाली आणि बायका-मुले गुलाम झाली. मृतांचा आकडा सहाशे ते नऊशे असा मुस्लिम परंपरेतल्याच चरित्रग्रंथांत येतो. पुढच्याच वर्षी खैबर ही ज्यूंची वस्ती पडली, आणि त्या खैबरच्या नावाने आजही ज्यूंविरुद्ध घोषणा दिल्या जातात. १०६६ साली मुस्लिम अमलाखालच्या स्पेनमध्ये, ग्रानादात, ज्यू वजीर आणि त्याच्याबरोबर शहरातले असंख्य ज्यू मारले गेले. बाराव्या शतकात मोरोक्को आणि स्पेनवर राज्य करणाऱ्या मुस्लिम अलमोहाद राजवटीने धर्मांतर किंवा देशत्याग असा पर्याय ठेवला. १६७९ साली येमेनच्या ज्यूंना मौझाच्या ओसाड भागात हाकलले गेले. १८३९ साली इराणमधल्या मशहदच्या ज्यूंना एका दंगलीनंतर सक्तीने मुसलमान व्हावे लागले. १९८८ च्या आपल्या सनदेत हमासने ज्यूंना मारण्याविषयीची एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या नावे सांगितले जाणारे वचन, उद्धृत केली. हे सगळे घडलेले आहे. ते झाकून ठेवून या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येत नाही.

पण अशी यादी केली म्हणून वैर अखंड होते हे सिद्ध होते का? मोरोक्कोपासून इराणपर्यंतचा प्रदेश आणि तेराशे वर्षांचा काळ यांत पसरलेल्या या घटना आहेत. ज्या वर्षी ग्रानादात कत्तल झाली त्या वर्षी कैरोत काय चालले होते? मशहदमध्ये सक्तीचे धर्मांतर होत असताना इस्तंबूलमध्ये ज्यूंची स्थिती काय होती? धर्मग्रंथ तर सगळीकडे तोच होता, वचनेही तीच होती. मग एका शहरात त्या वचनांवरून रक्त सांडते आणि दुसऱ्या शहरात पाच-पाच पिढ्या शांततेत जातात, याचे उत्तर वचनांत कसे सापडेल? ते त्या त्या राजवटीत, तिच्या अडचणींत, करात आणि सत्तास्पर्धेत शोधावे लागते. ख्रिस्ती युरोपचेच पाहा. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात 'त्याचे रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर' असे वाक्य जमलेल्या ज्यूंच्या तोंडी आहे. त्याच्या आधाराने युरोपात शतकानुशतके ज्यूंना छळले गेले. १०९६ मध्ये ऱ्हाइन नदीकाठी त्यांच्या वस्त्या कापल्या गेल्या, १२९० मध्ये इंग्लंडमधून आणि १४९२ मध्ये स्पेनमधून त्यांना हाकलले गेले, आणि शेवटी या छळाच्या परंपरेवरच नाझींनी साठ लाखांचा संहार रचला. तरीही १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष समस्त ज्यूंवर टाकणे अधिकृतपणे नाकारले. शुभवर्तमानातले वाक्य जागच्या जागी राहिले आणि त्याचा वापर बदलला. ख्रिस्ती आणि ज्यू यांचे वैर अटळ, सनातन आहे असे आज कोणी लिहीत नाही. मग फक्त मुसलमानांच्या बाबतीत ग्रंथातले वाक्य म्हणजे विधिलिखित, हे कशाच्या आधारावर?

मायमोनिडीजचे आयुष्य या वादात दोन्ही बाजू आपापल्या सोयीने अर्धे अर्धे वापरतात. ज्यू परंपरेतला हा सर्वांत मोठा मध्ययुगीन विचारवंत ११३८ च्या सुमारास स्पेनमधल्या कोर्दोबात जन्मला. तो लहान असतानाच अलमोहादांनी शहर घेतले आणि कुटुंब देशोधडीला लागले. पुढे येमेनच्या छळ सोसणाऱ्या ज्यूंना धीर देणारे पत्र त्याने लिहिले, त्यात इश्माएलच्या वंशजांइतका, म्हणजे अरबांइतका, छळ आणि मानहानी आपली दुसऱ्या कोणी केली नाही, असे म्हटले आहे. वैरवादी हे वाक्य घेतात आणि थांबतात. पण हा माणूस पळून गेला कुठे? आधी मोरोक्कोतल्या फेझला, मग पॅलेस्टाइनमार्गे इजिप्तला. म्हणजे एका मुस्लिम राजवटीतून दुसऱ्या मुस्लिम राजवटीत. तिथे तो सलाहुद्दीनच्या दरबारात वैद्य झाला, इजिप्तच्या ज्यूंचा पुढारी झाला, आपला मुख्य तत्त्वज्ञानग्रंथ त्याने अरबी भाषेत लिहिला, आणि इस्लाम हा मूर्तिपूजक नसून शुद्ध एकेश्वरवादी धर्म आहे असा निर्वाळाही त्यानेच दिला. त्याच कोर्दोबात त्याच्या आधी बारा वर्षे जन्मलेला मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्द यालाही अलमोहादांनी ११९५ मध्ये हद्दपार केले, त्याची पुस्तके जाळली. त्या राजवटीचा कडवेपणा ज्यूंपुरता नव्हता. या आयुष्यातून 'मुसलमान ज्यूंना छळतात' किंवा 'मुसलमान ज्यूंना सांभाळतात' यांपैकी कोणते सूत्र काढायचे? मला तरी यातून राजवटीराजवटींतला फरक दिसतो, आणि तो फरकच इतिहासाचा खरा विषय आहे.

१४९२ नंतर स्पेनमधून निघालेल्या हजारो ज्यूंना ऑटोमन सुलतान दुसऱ्या बायजीदने आपल्या राज्यात येऊ दिले. यामागे निव्वळ करुणा होती असे मी म्हणणार नाही; कारागीर, वैद्य, व्यापारी कोणत्या राजाला नको असतात? पण परिणाम खरा होता. या निर्वासितांनी १४९३ मध्ये इस्तंबूलमध्ये हिब्रू छापखाना काढला. सॅलोनिका बंदरात ज्यूंची संख्या इतकी वाढली की शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, बंदराचे काम बंद राही. ही व्यवस्था चारशे वर्षे टिकली. १९१२ साली सॅलोनिका ग्रीसकडे गेले आणि १९४३ मध्ये नाझींनी तिथल्या ज्यूंना आगगाडीत कोंबून ऑशवित्झला पाठवले. सोळाव्या शतकातल्या सॅलोनिकाच्या एखाद्या गोदी कामगाराला विचारले असते की ज्यूंचा जन्मजात शत्रू कोण, तर त्याने बोट कुठे दाखवले असते?

रोजचे जगणे कसे होते याचा सर्वांत भरघोस पुरावा कैरोजवळच्या फुस्तातमधल्या बेन एझ्रा सिनेगॉगने सांभाळला आहे. देवाचे नाव लिहिलेला कागद नष्ट करायचा नाही या प्रथेमुळे तिथल्या गेनिझा नावाच्या खोलीत शतकानुशतके कागद टाकले जात राहिले. करार, पत्रे, हुंड्या, औषधांच्या याद्या, नवरा-बायकोची भांडणे, सगळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते अभ्यासकांच्या हाती आले. रोजच्या व्यवहाराच्या कागदांतला बहुतेक मजकूर अरबी भाषेत आणि हिब्रू लिपीत आहे. ट्युनिशियाच्या अब्राहम बेन यिजू या ज्यू व्यापाऱ्याची पत्रे त्यात आहेत. तो बाराव्या शतकात मंगळूरला राहून पितळी भांड्यांचा कारखाना चालवत होता, आणि एडनपासून मलबारपर्यंत त्याचा व्यवहार ज्यू, मुसलमान आणि हिंदू अशा सगळ्यांशी होता. मला सर्वांत बोलका वाटतो तो मायमोनिडीजकडे आलेला एक प्रश्न. सोनार आणि काचकाम करणारे काही ज्यू व मुसलमान भागीदारीत धंदा करत होते. शुक्रवारचा नफा ज्यूंचा आणि शनिवारचा मुसलमानांचा, असे त्यांनी आपसात ठरवले होते. हे धर्माला चालेल का? त्याने चालेल म्हणून सांगितले. चौदाशे वर्षांच्या युद्धात गुंतलेली माणसे गल्ला असा वाटून घेतात का?

पण त्याच गेनिझातले दुसरे कागदही वाचायला हवेत, आणि इथे दुसरी गोष्ट सांगणाऱ्यांची अडचण सुरू होते. जिझिया भरायला पैसे नाहीत म्हणून घरात लपून बसलेल्या माणसांची पत्रे तिथे आहेत. कर वसूल करणारे दारात उभे आहेत, मदत पाठवा, अशा विनवण्या आहेत. श्रीमंताला हा कर जाणवत नसे, गरिबाला तो तुरुंगात नेई. जिम्मी म्हणजे संरक्षित प्रजा, हे खरे. पण त्या संरक्षणाच्या अटी होत्या. नवे प्रार्थनास्थळ बांधायचे नाही, घोड्यावर बसायचे नाही, वेगळे कपडे घालायचे, मुसलमानाविरुद्धची साक्ष ग्राह्य धरली जायची नाही. ८५० साली अब्बासी खलिफा मुतवक्किलने जिम्मींना मधाच्या रंगाचे कपडे सक्तीचे केले. हे नियम सगळीकडे, सर्वकाळ काटेकोर पाळले गेले नाहीत; बऱ्याच राज्यकर्त्यांनी त्यांकडे काणाडोळा केला. युरोपातल्या ज्यूंच्या तुलनेत या मंडळींचे बरे चालले होते, हेही मान्य. पण राजाने काणाडोळा केला म्हणून मिळालेली मोकळीक तो कधीही काढून घेऊ शकतो. तिला हक्क कसे म्हणायचे?

मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. 'पूर्वी आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदाने राहत' हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे, आणि ते कोणाच्या तोंडून ऐकले आहे? गावगाड्यात भांडणे कमी होती, कारण कोणी कुठे बसायचे, कोणत्या पाणवठ्यावर जायचे हे ठरलेले होते. त्या शांततेचा हिशेब दलित आत्मकथनांनी दुसऱ्या बाजूने मांडला, तेव्हा कुठे तिची किंमत आपल्याला कळली. जिम्मी आणि अस्पृश्य एकच, असे मला म्हणायचे नाही. ज्यू व्यापार करत, वैद्य होत, वजीर होत, मुसलमानाच्या पंगतीला बसत. साम्य आहे ते शांततेच्या स्वरूपात: ती पायरी ओळखण्यावर उभी होती, आणि तिच्या गोड आठवणी वरच्या पायरीवरून सांगितल्या जातात.

उतरंडीच्या समाजात हिंसा कधी उफाळते, तेही त्यातून कळते. ग्रानादात १०६६ मध्ये कत्तल होण्याआधी अबू इस्हाक नावाच्या कवीने एक कविता लिहिली होती. तिच्यातली मुख्य तक्रार ज्यूंच्या श्रद्धेविषयी नाही. ज्यू वर चढले, त्यांना वजीर केले गेले, मुसलमानांनी त्यांच्यापुढे वाकायचे, हा तिचा संताप आहे. आता महाड आठवा. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तो कागदावर असेपर्यंत कोणाचे काही बिघडले नाही. २० मार्च १९२७ रोजी माणसे प्रत्यक्ष पाणी प्यायली आणि त्याच दिवशी त्यांची डोकी फोडली गेली. ऑटोमन साम्राज्याने १८३९ आणि १८५६ च्या फर्मानांनी सर्वधर्मीय प्रजेला समान ठरवले, तेव्हा असाच ताण उभा राहिला. त्यात युरोपीय सत्तांनी आपले हात धुऊन घेतले. त्यांनी ख्रिस्ती आणि ज्यू प्रजाजनांना आपल्या वकिलातींचे संरक्षण देऊ केले, आणि १८७० साली फ्रान्सने अल्जेरियातल्या ज्यूंना एका हुकुमाने फ्रेंच नागरिक केले. त्यांच्या शेजारचा मुसलमान मात्र गुलाम देशाचा प्रजाजनच राहिला. कालपर्यंत खालच्या पायरीवर असलेला शेजारी आज परक्या सत्तेच्या आसऱ्याने वर गेला, ही भावना तिथून रुजली. युरोपने आणखी एक गोष्ट पुरवली. ज्यू लोक ख्रिस्ती माणसाचे रक्त धार्मिक विधीसाठी वापरतात, ही मध्ययुगीन युरोपची कंडी १८४० मध्ये दमास्कसला एका कॅप्युचिन धर्मगुरूच्या बेपत्ता होण्यावरून उठली, आणि ती पेटवण्यात तिथल्या फ्रेंच वकिलाने पुढाकार घेतला. पकडलेल्या ज्यूंचे हाल करण्यात आले, काही त्यात मेले. आणि हा आरोप निराधार आहे असे फर्मान काढले ते मुसलमान सुलतानाने.

विसाव्या शतकात हे सगळे कुठे गेले ते पाहायचे तर बगदाद पाहावे. शतकाच्या आरंभी या शहरातला चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक लोक ज्यू होते. १९२० च्या दशकात नव्या इराकचा पहिला अर्थमंत्री ससून एस्केल हा ज्यू होता. १९३२ साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली. इराकने पाठवलेल्या ताफ्यात गायक होता मोहम्मद अल-कुब्बांची, मुसलमान. त्याला साथ करणारे वादक जवळजवळ सगळे ज्यू. सालेह आणि दाऊद अल-कुवैती या भावांनी तर आधुनिक इराकी गाण्याचा पायाच घातला. ज्या समाजाचे गाणे बसवायला दुसरा समाज लागतो, तिथे 'हे कधी एकत्र राहिलेच नाहीत' हे वाक्य टिकत नाही. पण त्याच बगदादमध्ये १ आणि २ जून १९४१ रोजी फरहूद या नावाने ओळखली जाणारी ज्यूंविरुद्धची दंगल घडली. नाझीधार्जिणे रशीद अलीचे सरकार कोसळले होते, ब्रिटिश फौज शहराच्या वेशीवर असूनही आत आली नाही, आणि दोन दिवसांत सुमारे १८० ज्यू मारले गेले, घरे-दुकाने लुटली गेली. अनेक मुसलमान शेजाऱ्यांनी ज्यूंना आपल्या घरात दडवून वाचवले, तेही याच दोन दिवसांत. इस्रायल अजून सात वर्षे दूर होते. म्हणून 'आमचा विरोध झायनवादाला होता, ज्यूंना नव्हता' हे समर्थन मला पटत नाही. पॅलेस्टाइनमधल्या घटनांची शिक्षा बगदादच्या शिंप्याला आणि दुकानदाराला कोणत्या न्यायाने? १९४८ मध्ये बसऱ्याचा धनाढ्य ज्यू व्यापारी शफीक अदस याला जाहीर फाशी दिले गेले. १९५० च्या कायद्याने देश सोडणाऱ्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले आणि सुमारे १,२०,००० माणसे विमानांनी इस्रायलला गेली. अल-कुवैती बंधूही गेले. त्यांची गाणी इराकी रेडिओवर वाजत राहिली, पुढे त्यांवरची नावे पुसली गेली.

झायनवादाचा जन्म मुस्लिम जगात झाला नाही हे दुसऱ्या बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे आहे, आणि ते खरे आहे. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली चाललेला खटला, रशियन साम्राज्यातल्या कत्तली, युरोपने कधीच न दिलेली बरोबरी यांतून तो जन्मला. १९१७ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या 'राष्ट्रीय घरा'चे आश्वासन दिले, तेव्हा तिथल्या लोकसंख्येत ज्यू दहातला एकही जेमतेम होता. उरलेल्या नऊ जणांना कोणी विचारले नाही. युरोपच्या पापाचे प्रायश्चित्त पॅलेस्टिनी शेतकऱ्याने का घ्यायचे, या प्रश्नाला मला आजवर समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. १९४७-४९ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घराबाहेर पडले किंवा काढले गेले, चारशेहून अधिक गावे ओस पडली, आणि त्यांना परत येऊ दिले गेले नाही. मात्र १९२९ मध्ये हेब्रॉनला ६७ ज्यूंची हत्या झाली, त्यांतले कित्येक झायनवादाशी संबंध नसलेले, पिढ्यान्पिढ्या तिथेच राहणारे धर्मनिष्ठ ज्यू होते, हेही याच भूमीवर घडले. जमिनीवरून, राज्यावरून, दोन राष्ट्रवादांतून उभा राहिलेला हा झगडा आहे. त्याला धर्माची भाषा मागाहून चढली. पहिल्या काही दशकांत पॅलेस्टिनी चळवळीच्या आघाडीवर ख्रिस्ती अरब होते आणि झायनवादी नेत्यांत कित्येक जण उघड नास्तिक होते, हे विसरले की तो धर्मयुद्धासारखा दिसू लागतो.

वैराचे वय वाढवण्यात दोन्हीकडच्या राजकारण्यांचा स्वार्थ आहे. हमासला हा झगडा मदिनेपर्यंत नेता आला की तडजोडीची जबाबदारी उरत नाही, कारण देवाच्या शत्रूशी तह करायचा नसतो. बेंजामिन नेतान्याहू यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये असे सांगितले की ज्यूंना जाळण्याची कल्पना हिटलरला जेरुसलेमच्या मुफ्तीने, हाजी अमीन अल-हुसैनीने दिली. मुफ्ती नाझींना सामील होता, बर्लिनमधून त्याने विखारी प्रचार केला, यात शंका नाही. पण हिटलरशी त्याची भेट झाली २८ नोव्हेंबर १९४१ रोजी. त्याआधी दोन महिने, सप्टेंबरमध्ये, कीव्हजवळच्या बाबी यार दरीत दोन दिवसांत ३३,००० हून अधिक ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. संहाराचे श्रेय जर्मनीकडून काढून एका पॅलेस्टिन्याला देण्याचा हा प्रयत्न इस्रायलच्याच इतिहासकारांनी फेटाळला आणि नेतान्याहूंना माघार घ्यावी लागली. मराठीत मात्र तो मजकूर अजून फिरतो आहे.

तो इथे का फिरतो, हे उघड बोलायला हवे. ज्यू-मुस्लिम वैर चौदाशे वर्षांचे म्हणणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना हैफा किंवा हेब्रॉनशी देणेघेणे नसते; त्यांना आपल्या गल्लीतल्या मुसलमानाविषयी काही सिद्ध करायचे असते. उलट बाजूने कोर्दोबाच्या सुवर्णयुगाचे दाखले देणाऱ्यांनाही इथल्याच वादात गुण मिळवायचे असतात. खरे तर आपल्या मातीत या नात्याचे जे धागे आहेत, ते दोघांचीही सोय करत नाहीत. मुंबईच्या सॅम्युअल स्ट्रीटवरचे पहिले सिनेगॉग १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, सैनिकाने बांधले. म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला होता. हे बेने इस्राएल आहेत असे कळल्यावर टिपूच्या आईच्या रदबदलीने जीव वाचला, आणि त्या नवसाचे हे सिनेगॉग, असे परंपरा सांगते. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शालोम बापूजी इस्राएल हे बेने इस्राएल गृहस्थ कारभारी होते. पुण्याच्या लाल देवळाच्या आवारात डेव्हिड ससून यांची कबर आहे. दाऊद पाशाच्या जुलमाला कंटाळून ते बगदादहून पळाले आणि मुंबईत आले. तरी त्यांची बोली अरबीच राहिली आणि पोशाखही अरबीच. त्यांच्या घराण्याच्या नावाने भायखळ्यात चालणाऱ्या शाळेत आज बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. २००८ साली नरीमन हाऊसमध्ये ज्यू मारले गेले, तेव्हा मारणाऱ्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुस्लिम संस्थांनी नकार दिला. यातला एकेक प्रसंग उचलून कोणीही आपला सिद्धान्त सजवू शकेल. सगळे एकत्र ठेवले तर मात्र कोणताच सिद्धान्त उभा राहत नाही.

अजून एक आक्षेप उरतो: वैर शंभर वर्षांचे असो की चौदाशे, आज माणसे मरत आहेत, मग वयाचा हा काथ्याकूट कशाला? फरक पडतो तो हिशेबात. चौदाशे वर्षांच्या वैराचा हिशेब कोणाकडे मागणार? शंभर वर्षांच्या वैरात मात्र कायदे आहेत, तारखा आहेत, सह्या आहेत. १९५० मध्ये इस्रायलने 'गैरहजर' मालकांच्या मिळकतींचा कायदा केला आणि पळून गेलेल्या पॅलेस्टिनींची घरे, शेते, संत्र्यांच्या बागा सरकारी ताब्यात घेतल्या. १९५१ च्या मार्चमध्ये इराकने निघून चाललेल्या ज्यूंची मिळकत गोठवली. दोन शत्रू सरकारे, एकाच वर्षाच्या अंतराने, एकच युक्ती. आपल्याकडे फाळणीनंतर निर्वासितांच्या मालमत्तेचे असेच कायदे सीमेच्या दोन्ही बाजूंना झाले. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांना त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. अरब देशांतून नंतरच्या दोन-तीन दशकांत आठ लाखांहून अधिक ज्यू बाहेर पडले. इस्रायली सरकारे म्हणतात, ही लोकसंख्येची अदलाबदल झाली, फिटंफाट. पण बगदादच्या ज्यूचे घर हैफाच्या पॅलेस्टिन्याने बळकावलेले नव्हते, आणि हैफाच्या पॅलेस्टिन्याचे घर गेल्याने बगदादच्या ज्यूला त्याचे घर मिळाले नाही. एकाचा दावा इराकी सरकारवर आहे, दुसऱ्याचा इस्रायली सरकारवर. सुरक्षा परिषदेच्या १९६७ च्या ठराव क्रमांक २४२ मध्ये निर्वासितांच्या प्रश्नाची न्याय्य सोडवणूक व्हावी असे म्हटले आहे, आणि कोणते निर्वासित हे त्यात लिहिलेले नाही. त्या वाक्यात दोन्ही दावे बसतात. ते मांडताना खैबरचे नाव घ्यावे लागत नाही आणि कोर्दोबाचेही नाही.